लवंगेपुढे उतरलेली टोपी

मी एक टोपी बोलतेय. केतकीच्या पातीची, रुंद काठाची, उजव्या बाजूला काट्यांनी चाळणी झालेली. सांगायला बसले खरी, पण आधीच एक कबुली दिलेली बरी. मला जे आठवतं ते मी स्वतः पाहिलं की माझ्याखालच्या डोक्याने, याची मला खात्री नाही. चाळीसएक वर्षं एकाच डोक्यावर काढली की घामाबरोबर इतरही काही आत मुरत असावं. डोकं फार शिकलेलं होतं, त्यामुळे माझ्यात ज्ञानापेक्षा शंकाच जास्त मुरल्या.

उदाहरणार्थ, ते रोप आम्ही समुद्रात टाकलं हे मला स्वच्छ आठवतं. खारा वारा आठवतो, लाट आठवते, पोटातून काहीतरी पडल्याचं हलकेपण आठवतं. शपथेवर सांगा म्हटलं तर मात्र मी जरा खोकेन.

असो. क्रमाने सांगते.

आमचं घर पूर्वेकडच्या मसाल्याच्या बेटांपैकी सापारुआ बेटावर, लवंगांच्या टेकडीखाली. मला विणलं दोर्ट्येने, लग्न ठरल्यावर, होणाऱ्या नवऱ्यासाठी. नवरा गावच्या शाळेचा मास्तर, झाकारियास मानुहुतू. झाडाझुडपांचं शास्त्र शिकून आलेला, आणि शिकून आल्यापासून कशाचीच खात्री नसलेला. नियोजित वराच्या डोक्याला दोरी लावून माप घेणं बरं दिसत नाही, म्हणून दोर्ट्येने चर्चमध्ये दोन बाकं मागे बसून अंदाज घेतला आणि मला एका भोपळ्यावर विणलं. मी मास्तरांच्या थेट भुवयांवर आले.

"भोपळा मोठा झाला," मास्तर म्हणाले.

"भोपळा बरोबर होता," दोर्ट्ये म्हणाली. "एवढं शिकलेला माणूस, डोकं मोठं असेल असं वाटलं."

मग मास्तरांनी माझ्या आत शाळेतल्या कागदांच्या घड्या कोंबल्या. त्यामुळे माझ्या पोटात कायम कुणाचं तरी चुकलेलं गणित असे. माझं शिक्षण ते एवढंच.

आता आमच्याकडची जुनी चाल सांगायला हवी, कारण तिनेच माझ्या आयुष्याची माती केली. लवंग कळ्यांवर आली की तिला गरोदर बाईसारखं वागवायचं. तिच्याजवळ आरडाओरडा करायचा नाही, तिच्या शेजारून जळतं लाकूड न्यायचं नाही, आणि टोपी घालून तिच्यापुढे जायचं नाही. हल्ली फार कुणी पाळत नाही. दोर्ट्ये पाळायची, आणि मास्तर दोर्ट्येला पाळायचे.

दुसरी चाल अशी की घरात मूल जन्मलं की त्याच्या नावाने एक लवंग लावायची. झाड धरलं तर मूल धरलं. झाड वाळलं तर, हे वाक्य कुणी पुरं करत नाही.

मास्तर आजोबा झाले, म्हणजे आमच्या भाषेत ओपा झाले, तेव्हा ते निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सून बाळंतपणाला आली होती आणि सगळ्यांनी मुलगाच धरला होता. ऑगस्ट महिना, म्हणून नाव अगुस्तिनुस. ओपांनी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापला, खिळ्याने त्यावर नाव कोरलं, तांब्याच्या तारेने रोपाला बांधलं आणि तयारीत बसले. मुलगी झाली. ओपांनी निमूटपणे पत्र्यावरचं 'नुस' खोडलं आणि वर 'ना' लिहिलं. पत्रा वाया घालवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

अगुस्तिना पहिल्या दिवशी जी रडली ती पलीकडच्या गावात ऐकू गेली म्हणतात. मला ते खरं वाटतं, कारण मी खुंटीवरून पडले होते.

रोप घरासमोर लावलं. ओपांनी त्याच्याभोवती केळी लावून सावली केली, झावळ्यांचा आडोसा केला, कुजलेला पाला चाळून घातला. दीड महिन्यात रोपाची पानं गळाली. एक काडी आणि एक पत्रा एवढंच उरलं. घरात दीड महिन्याचं मूल आणि दारात ही काडी. ओपांच्या कपाळावरचा घाम मला अजून आठवतो, तो थंड होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी काडी मुळासकट उपटली. पत्रा सोडवायला गेले, पण तार घट्ट पिळलेली, सुटेना. मला उलटी केली, काडी मातीसकट माझ्या पोटात ठेवली आणि मागच्या दाराने निघाले. स्वयंपाकघरामागे पोचलो तोच आत दोर्ट्ये खोकली. आम्ही तिथे कुंपणाशी वाकून थोडे थांबलो. मी उलटी असल्यामुळे मला फक्त आकाश दिसत होतं. मग समुद्र. मग ते हलकेपण.

परतताना ओपा टेकडीवरून दुसरं रोप घेऊन आले. नवा पत्रा कापला, या वेळी नाव पहिल्या फटक्यात नीट कोरलं. दोर्ट्ये उठली तेव्हा दारात हिरवं रोप होतं आणि ओपा त्याच्याशेजारी घामाघूम.

"टवटवीत दिसतंय," ती म्हणाली.

"पाला घातला," ओपा म्हणाले. "पाल्याने होतं."

हे गुपित जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली एक मी, आणि मला कुणी विचारणार नव्हतं.

यानंतर माझं खरं आयुष्य सुरू झालं. ओपा दिवसातून दहा वेळा त्या झाडाला बघायला जात. जाताना मला काढत. पानं उलटून बघायची तर दोन्ही हात हवेत, म्हणून मला जमिनीवर ठेवत. आणि तिथे जमिनीवर जिचं राज्य होतं तिला तुम्ही लाजाळू म्हणता. आमच्याकडे तिला लाजरी राजकन्या म्हणतात. गुलाबी फुलांचे गोंडे, नाजूक पानं आणि अंगभर काटे.

मी टेकले की ती पानं मिटून घेई. पहिल्या दिवशी मी माफी मागितली.

"बस गं," ती म्हणाली. "लाजले नाहीये. तुझं तोंड बघायचं नाहीये, म्हणून मिटले."

"तुला काही लागलं तर सांग," मी म्हटलं.

"तू उठलीस की झालं."

ओपांनी लवंग आणि लाजाळू या दोघींची एक वही केली होती. त्यांच्या शास्त्राला शोभेल अशी, मधोमध रेघ मारलेली. डावीकडे लवंगेच्या गरजा: लहानपणी सावली, मोठेपणी ऊन, पण एकदम नाही. पाणी भरपूर, पण साचलेलं नाही. वारा हवा, खारा नको. माती भुसभुशीत. मुळाजवळ कुदळ नको, पाय नको, डुक्कर नको. असं करत डावीकडची अठरा पानं भरली. उजवीकडे लाजाळू. पाणी: पडलं तर. ऊन: असलं तर. माती: दिसली नाही, तरी उगवली आहे. खाली प्रश्नचिन्ह, आणि त्याखाली दुसऱ्या शाईत, "हे मी नीट पाहिलं ना?"

ते वाचून दाखवत तेव्हा दोर्ट्ये, म्हणजे आता ओमा, कालवण ढवळत म्हणे, "गुरुजी, उजवीकडच्या पानांवर मी किराण्याची यादी लिहू का? कोरीच आहेत."

अगुस्तिनाचे आईवडील समुद्रापलीकडे अम्बोन शहरात नोकरीला होते, पोर आमच्याकडेच वाढली. आठव्या वर्षी तिच्या वयाच्या सगळ्या पोरांच्या लवंगा कळ्यांवर आल्या. आमची आली नाही. नवव्या वर्षी नाही, दहाव्या वर्षी नाही. आणि ओमाने कारण शोधून काढलं.

"ही पोर गाते," ती म्हणाली. "ओरडून गाते. झाडाच्या कानाशी."

"अगं, चाल अशी आहे की कळ्या आल्यावर शांतता," ओपा म्हणाले. "कळ्या कुठे आल्यात?"

"येतील कशा एवढ्या गोंगाटात?"

"पण दोर्ट्ये, गरोदर असेल तर..."

"तुम्ही किती वेळा गरोदर होतात?"

त्या दिवसापासून आमच्या अंगणात बारा महिने शांतता सुरू झाली. फेरीवाल्या कोळिणीला हातवारे करून मासळीचा भाव विचारावा लागे. ओपांना जुना खोकला. तो आला की ते तोंड दाबून घराला वळसा घालून स्वयंपाकघरामागे पळत आणि तिथे मोकळे होत. खोकला हा गोंगाटात धरावा की नाही, यावर त्यांनी डावीकडे अर्धं पान लिहिलं.

हळूहळू घरातला सगळा आवाज स्वयंपाकघरामागे गेला. सागू कुटणं तिथे, भांडी आपटणं तिथे, भांडणं तिथे. अगुस्तिना तिथेच भांडी घासायची आणि घासता घासता गायची. तिथे कुंपणाशी लाजाळूचं रान माजलं होतं आणि त्यात एक लवंग उभी होती. हाताने न लावलेली, आपोआप आलेली, त्यामुळे तिला ना नाव ना मान. काट्यांमुळे तिच्या बुंध्याशी डुक्करसुद्धा जात नसे. ओमाने लांबून फेकून तिच्या फांदीला कपडे वाळत घालायची तार अडकवली होती. सगळे तिला तारेचं झाड म्हणत. तिच्यासमोर मला कुणी कधी काढलं नाही. ती अगुस्तिनाच्या सातव्या वर्षीच फुलली आणि दरवर्षी फुलत राहिली. ओमा लांबून आकडीने तिच्या लवंगा गळक्या पातेल्यात पाडून इतर लवंगांबरोबर चटईवर वाळवायची, पण मोजताना म्हणायची, "तारेच्या झाडाचं काही खरं नाही. ते काय, येतं आपलं."

अगुस्तिनाला अकरावं संपत आलं तेव्हा चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख बापा लुकास आमच्याकडे आले. बेटाबेटांची स्पर्धा अम्बोनला होणार होती आणि मधला एकटीने गायचा भाग त्यांना अगुस्तिनाकडून हवा होता. ते फाटकापासूनच मोठ्याने बोलत आले. ओमाने त्यांना खुणेने गप्प केलं, त्यांची टोपी काढायला लावली आणि कुजबुजत आत घेतलं.

"नाही जमायचं," ती म्हणाली. "यंदा झाडाला तीन टोकं आली आहेत. लाल. मी रोज बघतेय."

"ओमा, गाणं अम्बोनला आहे," बापा लुकास म्हणाले. "मध्ये समुद्र आहे."

"झाड कुणाचं आहे? तिचं. ती जिथे ओरडेल तिथून त्याला पोचेल. कळ्या गळाल्या आणि पोरीला काही झालं तर तुम्ही देणार का नवी पोर?"

"गुरुजी, तुम्ही तरी सांगा. तुम्ही शिकलेले."

माझ्याखालचं, म्हणजे त्या वेळी माझ्यावरचं, डोकं खाली गेलं. मी त्यांच्या मांडीवर होते. त्यांनी माझा काठ इतका आवळला की एक पात तुटली.

"मला विचार करू दे," ओपा म्हणाले.

बापा लुकास म्हणाले, "करा. बोट रविवारनंतरच्या गुरुवारी आहे. नाहीतर तो भाग माझ्या मेहुणीला द्यावा लागेल, आणि तिचं गाणं तुम्ही ऐकलंय."

त्या दिवसापासून अगुस्तिना गायची थांबली. ओमाने मागच्या अंगणातही बंदी घातली होती, पण पोर त्याच्याही पुढे गेली. बोलेनाशीच झाली. आजीच्या भीतीने नव्हे. झाड मेलं तर आपण मरू, हे तिला पटलं होतं. भांडी अशी घासायची की जणू अंडी आहेत. एकदा हातातून झाकण पडलं तर ती पळत पुढच्या अंगणात गेली आणि ती तीन लाल टोकं जागेवर आहेत का ते बघून आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. घरात पहिल्यांदाच एवढी शांतता झाली की ओपांना स्वतःचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

मला ओपांच्या डोक्यात काय चाललं होतं ते माहीत होतं, शेवटी मी त्यावरच बसत होते. खरं सांगावं, तर अकरा वर्षं बायकोशी खोटं बोललो हे कबूल करायचं. वर पोरीला सांगायचं की तुझं झाड दीड महिन्यातच वाळलं. न सांगावं, तर ही मूक पोर. त्यांनी वही उघडली, नवीन पानावर मधोमध रेघ मारली, आणि दोन्ही बाजू कोऱ्याच ठेवून वही मिटली.

रविवार आला. चर्चहून येऊन पापेदा, म्हणजे सागूची चिकट खळ, आणि पिवळं कालवण जेवून झालं. बापा लुकास उत्तर न्यायला आले आणि टोपी काढून पायरीवर गुपचूप बसले. ओपा उठले. मला डोक्यावर ठेवलं, चांगलं भुवयांपर्यंत ओढलं, आणि अंगणात निघाले. झाड जवळ आलं. मी सवयीने उतरायच्या तयारीत होते, खाली लाजाळूने सवयीने पानं मिटून घेतली होती. ओपांचा हात वर आलाच नाही. ते झाडाखाली माझ्यासकट उभे राहिले.

"टोपी," ओमा पायरीवरून कुजबुजली.

ओपा हलले नाहीत.

"अहो गुरुजी, टोपी."

"राहू दे," ओपा म्हणाले. कुजबुजले नाहीत, वर्गात बोलत तसं बोलले. "हे झाड अगुस्तिनाचं नाही."

कोंबड्यासुद्धा थांबल्या.

"तिचं पहिल्या सप्टेंबरातच वाळलं. मी ते नेऊन समुद्रात टाकलं आणि दुसरं आणून लावलं. पत्रासुद्धा दुसरा आहे. या झाडाचा आणि पोरीचा काही संबंध नाही. गाऊ दे तिला." मग धीर संपल्यासारखे ते पुटपुटले, "असं मला आठवतंय तरी."

ओमा पायरीवर बसली. पदरासारखा खांद्यावरचा फडका काढून तिने तोंड पुसलं. मी जीव मुठीत धरला, म्हणजे मला मूठ असती तर धरला असता.

"सप्टेंबरात?" तिने विचारलं.

"सप्टेंबरात."

"मग तुमचंही नोव्हेंबरात मेलं."

ओपांनी मला मागे सारलं. "काय?"

"तुम्ही अम्बोनला पेन्शनच्या कामाला गेला होतात तेव्हा. सकाळी बघते तर काडी. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही छाती धरून बसला असतात. मी टेकडीवरून दुसरं आणलं, पत्रा सोडवून त्याला बांधला. हे माझं आहे."

"अकरा वर्षं मी तुझ्या झाडापुढे टोपी काढतोय?"

"मी सांगितलं होतं का काढू नका म्हणून?"

"पण मग तूच गाणं का बंद केलंस? तुला ठाऊक होतं की..."

"दोन गेली होती, गुरुजी," ओमा म्हणाली. "तिसरं तरी सांभाळायला नको का?"

बापा लुकास छपराकडे बघत होते, पण त्यांचं पोट हलत होतं. मग दारातून अगुस्तिनाचा आवाज आला. आठ दिवस न वापरल्यामुळे तो गंजला होता.

"ओपा, म्हणजे माझं झाड समुद्रात आहे?"

"हो बाळ."

तिने जरा विचार केला. "समुद्रात एवढा आवाज असतो. मग मी कितीही ओरडले तरी त्याला काय कळणार?"

आणि ती तिथेच, पायरीवर उभी राहून, गायला लागली. लाजाळूची पानं पुन्हा मिटली. बापा लुकास यांनी टोपी घालून ताल धरला.

तीन लाल टोकांची पुढे पानं झाली. लवंगेची कोवळी पालवी लालच असते, हे ओपांच्या वहीत तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं. पण स्वतःच्या वहीवर त्यांचा विश्वास नव्हता. अम्बोनच्या स्पर्धेत आमचं गाव तिसरं आलं. किती गावं होती ते ओपा कधी सांगत नसत. समोरचं झाड अजून फुललेलं नाही. ओमा शेवटपर्यंत त्याच्याजवळ हळू बोलायची. इतक्या वर्षांची ओळख झाली, म्हणायची, आता एकदम ओरडायचं कसं.

त्या दिवशी संध्याकाळी ओपांनी वहीत लाजाळूच्या बाजूला एक ओळ घातली. "टोपी ठेवली तरी चालते." ती ओळ लिहिताना मी डोक्यावर होते. मला वाईट वाटलं नाही.

ओपा गेले, मग दोन वर्षांनी ओमा. मला पुरायचं की काय यावर चर्चा झाली आणि शेवटी कोंबडीला दिलं. स्वयंपाकघरामागे तारेच्या झाडाच्या बेचक्यात मला उलटी ठोकली आहे. माझ्यात आता अंडी असतात. गणितांपेक्षा ती गरम. खाली लाजाळूची नातवंडं आहेत, त्यांचीही जीभ तशीच. माझं मागणं फार नाही. कुणापुढे टोपी उतरवायची असेल तर जरूर उतरवा, पण ती कुणाच्या अंगावर ठेवता तेही एकदा वाकून बघा.

अगुस्तिना आता अम्बोनला पोरांना गाणं शिकवते. चार वर्षांपूर्वी ती सुट्टीत आली तेव्हा कपड्यांची तार फांदीत रुतली होती, ती सोडवायला तिने कोयता घेतला आणि आधी बुंध्याजवळची लाजाळू कापून वाट केली. घोट्याएवढ्या उंचीवर सालीत काहीतरी चमकलं. तिने कोयत्याच्या टोकाने साल उचकटली. आत तांब्याची तार होती, आणि तारेला बिस्किटाच्या डब्याचा पत्रा. त्या पहाटे समुद्रात पडली ती नुसती माती असणार, काडी इथे कुंपणाशीच निसटली असणार. पत्र्यावर खिळ्याने 'अगुस्तिनुस' कोरलं होतं, त्यातलं 'नुस' खोडलेलं होतं, आणि वर 'ना' लिहिलं होतं.